फेलिसाने पुसलेली पिवळी पट्टी

माझी भावजय फेलिसा हिच्या फोटोंत पाऊस पडत नाही. आमच्या पोर्ट ॲलिस्टरमध्ये वर्षातले बरेचसे दिवस पाऊस असतो, आणि नसतो तेव्हा धुकं असतं. फेलिसाच्या फोटोंत मात्र आभाळ निळं, समुद्र त्याहून निळा, आणि मधल्या हिरव्यागार गवतात एक अस्वल. अस्वलाच्या अंगाला चिखल नाही, तोंडाला माशाचं रक्त नाही, कानांभोवती माश्या नाहीत. नुकतंच न्हाव्याकडून उठून आल्यासारखं. माझा भाऊ हर्शेल जॅक म्हणायचा, "गाव छान दिसतंय हे. कुठे आहे चौकशी कर, आपण तिकडे राहायला जाऊ."

फेलिसाचे वडील फिलिपिन्समधून एका हंगामापुरते इथल्या कॅनरीत कामाला आले होते. मासे कापून डब्यात भरण्याचा कारखाना, त्याला आम्ही कॅनरी म्हणतो. हंगाम संपला, बोट सुटली, आणि ते धक्क्यावरच राहिले. का राहिले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फेलिसाची आई सांगायची, बोट चुकली म्हणून. शाळा सुटल्यावर फेलिसाही त्याच कॅनरीत लागली आणि कॅनरी बंद पडेपर्यंत एकाच पट्ट्यापाशी उभी राहिली. यंत्र माशाचं डोकं आणि पर उडवायचं. त्यातून काही राहिलं असेल, पराचा तुकडा, पाठीच्या कण्याजवळचं रक्त, एखादा डाग, तर ते सुरीने काढायचं काम तिचं. जे डब्यात दिसायला नको ते काढायचं. सगळं आयुष्य तिने ते केलं, आणि तिच्या हाताखालून गेलेला मासा बघत राहावा असा असायचा.

कॅनरी बंद झाल्यावर तिच्या हाताला काही उद्योग राहिला नाही. काही दिवस तिने घरातला सगळा डाळ-तांदूळ निवडला, जो मुळात निवडलेलाच येतो. मग हर्शेलच्या भुवया कातरायला घेतल्या. तेव्हा हर्शेलनेच सिॲटलला मुलीला फोन केला, "कोरीन, तुझ्या आईला काहीतरी पाठव." कोरीनने आपला जुना कॅमेरा, लांब पल्ल्याची एक लेन्स आणि एक लॅपटॉप पाठवला, आणि फोनवरून आईला फोटो दुरुस्त करायला शिकवलं. उजेड वाढवायचा कसा, रंग गडद करायचे कसे. नको असलेली वस्तू काढायची कशी: शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि तिच्यावर चिकटवायचा. कोरीनने एक गोष्ट बजावून सांगितली, "मूळ फोटोला हात लावायचा नाही, मॉम. नेहमी त्याची दुसरी प्रत काढायची आणि तिच्यावर काय करायचं ते कर." फेलिसाने हे ऐकलं, ते बरं झालं.

अस्वलांचे फोटो काढायला ते दोघं हर्शेलच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीतून मिल क्रीक नावाच्या ओढ्याच्या तोंडाशी जायचे. होडी एवढी लहान की एकाने शिंकलं तर दुसऱ्याने धरून बसायचं. ओढा समुद्राला मिळतो तिथे ओहोटीला मोठं गवताळ मैदान उघडं पडतं, आणि आमची तपकिरी अस्वलं तिथे गुरांसारखी चरत असतात. सॅमन मासे समुद्रातून वर चढायला लागले की गवत सोडून ओढ्यात. माणूस पायी गेला तर ती उठून जातात किंवा त्याच्याकडे येतात, दोन्ही गैरसोयीचं. होडीकडे मात्र ती फारसं लक्ष देत नाहीत. इंजिन बंद करायचं, वल्ह्यांवर होडी धरायची, आणि पाण्याबरोबर हळूहळू वाहत जायचं.

मी धक्क्यावर बोटींना डिझेल भरून देते. पंप बंद असला की कधीतरी मीही त्यांच्याबरोबर जायचे. माझं काम गप्प बसण्याचं होतं.

"सरळ धर," फेलिसा म्हणायची.

"सरळच आहे."

"क्षितिज तिरकं येतंय."

"मग तू तिरकी बस."

आमच्या आईकडच्या लोकांत, म्हणजे इथल्या मूळच्या त्लिंगिट लोकांत, अस्वलाबद्दल वेडंवाकडं बोलत नाहीत. त्याला ऐकू जातं. समोर आलंच तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं बोलायचं. त्यामुळे हर्शेल वल्ही धरून हलक्या आवाजात सारखा बोलत असायचा. "आजोबा, आम्ही इथूनच बघतोय, तुमचं चालू द्या." मादी असली तर, "आजी, हा कॅमेरा आहे, बंदूक नाही. ही माझी बायको. हिच्याबद्दल मी काही बोलत नाही." आणि फेलिसा श्वास रोखून, दोन लाटांच्या मधल्या सपाट क्षणाची वाट बघत बसलेली असायची.

घरी आलं की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. एका बाजूला भाताचा कुकर, दुसऱ्या बाजूला अस्वल. राखाडी आभाळ काढून निळं घालायचं. वाहून आलेला ओंडका काढायचा. चिखल, माश्या, जखमा, माशाची आतडी, सगळं काढायचं. एकदा हर्शेलचा फोटोही तिने सुधारला. तो जेवणाच्या खोलीत लावल्यावर माझा दुसरा भाऊ आला आणि विचारून गेला, की हा मनुष्य कोण आणि हर्शेलची हरकत नाही का?

मग एका साली आमच्या गावच्या सभागृहाचं छत गळायला लागलं. सभागृहाची कमिटी म्हणजे ब्यूला सँडविक. कमिटीत बाकी लोक आहेत, पण तेही ब्यूलाला विचारूनच बोलतात. छतासाठी पैसे उभे करायला फेलिसाच्या फोटोंचं कॅलेंडर काढायचं ब्यूलाने ठरवलं. घरोघर कॅलेंडर लागलं. माझ्या पंपावर लागलं, दवाखान्यात लागलं, शेजारच्या बेटावरच्या सरकारी कचेरीतही गेलं. सगळ्यात गाजला ऑगस्टचा फोटो. मिल क्रीकवरची एक तरुण मादी, मधासारख्या रंगाची, उन्हात मान वळवून बघणारी. लोक ऑगस्ट संपल्यावरही पान उलटायला तयार नव्हते. माझ्या पंपावर तर सप्टेंबर उजाडलाच नाही.

तो सप्टेंबर चालू होता तेव्हाची ही गोष्ट. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. हर्शेल हरणाच्या मटणाचं अडोबो ढवळत होता, जे फेलिसाच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं आणि जे त्याला अजून जमत नव्हतं. फेलिसा पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी नवे फोटो सुधारत बसली होती.

"हर्शेल, ही पट्टी निघत नाहीये," ती म्हणाली.

"कसली पट्टी?"

"हिची. पिवळी. दरवेळी निघते."

हर्शेलने हातातला डाव ठेवला. "दरवेळी म्हणजे?"

"ती मधाळ अस्वलीण. तिच्या गळ्यापाशी काहीतरी पिवळं असतं. मी शेजारचे केस उचलते आणि वर चिकटवते. आज चिकटवायला शेजारी धड केसच नाहीत."

आम्ही दोघं तिच्या मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर अस्वलाची मान मोठी करून ठेवली होती. पिवळं असं फारसं काही दिसत नव्हतं, फक्त एक खोल घडी, घडीत एक चमक, आणि घडीच्या दोन्ही बाजूंना केस ओले आणि फुगलेले.

"आधीचे काढ," हर्शेल म्हणाला. "मूळचे."

फेलिसाने मूळ फोटो एकामागून एक उघडले. मागच्या वसंतातल्या फोटोत ती पट्टी अस्वलाच्या गळ्यात सैल लोंबत होती, हार घातल्यासारखी. त्याच उन्हाळ्यातल्या फोटोत ती केसांत बसली होती. यंदाच्या जूनमध्ये अर्धी दिसत होती. आता आत गेली होती. मध्ये ऑगस्टचा तो गाजलेला फोटोही होता. मूळ फोटोत आभाळ राखाडी, पाऊस तिरका, आणि गळ्याभोवती स्वच्छ पिवळी रेघ.

कुकर बंद झाल्याचा आवाज झाला.

"मला वाटलं, वाळलेलं गवत आहे," फेलिसा म्हणाली.

"दरवेळी तेच गवत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दरवेळी मी तेवढाच भाग मोठा करून बघत होते, अर्लीन. काडी दिसली की काढायची. पुढचा फोटो आला की नवी काडी. कॅनरीत मासा कुठला होता ते कुठे बघायचो आपण?"

हर्शेल खिडकीपाशी गेला. "खोक्याची पट्टी आहे ती," तो बाहेर बघत म्हणाला. "आमिषाच्या खोक्याची."

मासे पकडायला लागणारं गोठवलेलं आमिष खोक्यांतून येतं आणि खोक्याला प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली असते. घाईत ती न कापता खोक्यावरून ओढून काढायची आणि पाण्यात टाकून द्यायची, हे हर्शेलच्या मासेमारीच्या बोटीसकट प्रत्येक बोटीवर चालायचं. ती गोल तशीच राहते. किनाऱ्यावर येते. एखादं पिल्लू वास घेत त्यात तोंड घालतं.

"आपल्या बोटीवरून किती गेल्या असतील," हर्शेल म्हणाला.

"सगळ्यांच्याच बोटींवरून गेल्या," मी म्हणाले.

"म्हणून ती कुणाचीच नाही का?"

अडोबो करपलं होतं. आम्ही ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी फेलिसाने वन्यजीव खात्याच्या माणसाला फोटो पाठवला आणि फोन केला. ओवेन प्रूइट त्याचं नाव, शेजारच्या बेटावर त्याची कचेरी. सरळ माणूस, एवढंच की बोलायच्या आधी बराच वेळ थांबतो, त्यामुळे फोन कट झाला असं वाटून लोक ठेवून देतात. फेलिसाने तो लाउडस्पीकरवर ठेवला होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"छान अस्वल आहे," प्रूइट म्हणाला.

"गळा बघा."

"गळाही छान आहे."

फेलिसाने लॅपटॉपकडे बघितलं. सवयीने तिने सुधारलेला फोटो पाठवला होता. तिने मूळचा पाठवला. प्रूइट पुष्कळ वेळ गप्प राहिला.

"मिसेस जॅक, हे अस्वल मला माहितीये. माझ्या टेबलासमोर आहे. ऑगस्ट."

"हो."

"त्यात हिच्या गळ्याला काही नाहीये."

"ती मी काढली."

"पट्टी? तुम्ही तिच्या जवळ गेलात?"

"फोटोतली काढली."

पुन्हा शांतता. हर्शेलने फोनकडे बघून भुवई उंचावली, फेलिसाने त्याला हाताने थांब म्हटलं.

"म्हणजे ऑगस्टमधलं अस्वल खरं नाही," प्रूइट म्हणाला.

"अस्वल खरं आहे. गळा खोटा आहे."

"आणि आभाळ?"

"आभाळही खोटंच."

"वाटलंच होतं मला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आठवडाभर तिकडे होतो."

पण त्याने थट्टा तिथेच थांबवली. त्याची अडचण त्याने नीट समजावून सांगितली. अस्वलाला बेशुद्ध करायचं म्हणजे विमान आणायचं, प्राण्यांची डॉक्टर आणायची, वरून परवानगी घ्यायची. इंजेक्शन लागल्यावर अस्वल पाण्याकडे पळालं तर बुडून मरतं. सैल पट्टी असेल तर हा धोका घेऊन उपयोग नाही, ती कधीकधी आपोआप तुटते. आत रुतली असेल तर मात्र थांबता येणार नाही, कारण सॅमन चढताहेत. हिवाळ्यासाठी ती आता दिवसरात्र खाणार, अंगावर चरबी चढवणार, आणि मान जाड होणार.

"जेवढी जेवेल तेवढा गळा आवळणार," हर्शेल म्हणाला.

"तसंच," प्रूइट म्हणाला. "मला जखम दिसायला पाहिजे. जवळून, बाजूने. आणि मिसेस जॅक, वरच्या साहेबांना मी जे दाखवेन त्यात तुम्ही काही काढलेलं किंवा घातलेलं नको. जिने पट्टी पुसली तिला पट्टी घालताही येते, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही."

"समजलं," फेलिसा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी मिल क्रीकला जायला लागलो. मी पंपाला पाटी लावली, की घाई असेल त्याने उद्या यावं. धो धो पाऊस होता. फेलिसाने कॅमेऱ्याला पावाची प्लॅस्टिकची पिशवी घातली होती, लेन्सपुरतं भोक पाडून. हर्शेल वल्ह्यांवर, मी इंजिनापाशी.

अस्वलीण यायची, पण फोटो मिळायचा नाही. ती ओढ्यात उभी राहायची आणि मान खाली. मासा धरला की आमच्याकडे पाठ करून बसायची. एकदा बाजूने आली तर होडीच गोल फिरली, आणि फेलिसाने हर्शेलच्या टोपीचे उत्तम फोटो काढले.

"आजी, जरा मान वर करा," हर्शेल विनवायचा. "एकदाच. मग तुमचं जेवण चालू द्या."

"तिला इंग्रजी कळत असतं तर ती आधीच निघून गेली असती," असं फेलिसा म्हणेल असं मला वाटलं, पण ती काही बोलत नव्हती. त्या दिवसांत ती होडीत एक शब्दही बोलायची नाही.

मग एका सकाळी अस्वलीण ओढ्याच्या पलीकडून धावत एका माशामागे आली आणि आमच्या समोरच थांबली. पाण्यावरून तिचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा. आत जाताना आणि बाहेर येताना. हर्शेलचं बोलणं बंद झालं. तिने मासा धरला, दगडावर ठेवला, आणि तेवढ्यात एक गरुड त्या माशावर उतरला. तिने मान उंच केली, गरुडाकडे लांब केली, आणि पहिल्यांदाच मला उघड्या डोळ्यांनी तिचा गळा दिसला. दोन वेगळी अस्वलं मध्ये दोरीने बांधून एक केल्यासारखी ती दिसत होती. फेलिसाचा कॅमेरा पिशवीत कट कट वाजत राहिला. गरुड उडाला. मासाही घेऊन गेला.

घरी येऊन पाहिलं तर फोटो रेखीव आले होते, पण काळे. पावसाचा उजेड, ओले केस आणि खोल जखम. सगळं मिळून गळ्यापाशी नुसती सावली. फेलिसाने मूळ फोटो बाजूला ठेवला, प्रत काढली आणि सावलीतला उजेड वाढवायला लागली. काढायचं काही नाही, चिकटवायचं काही नाही, फक्त जे अंधारात होतं ते वर आणायचं. हळूहळू मांसाचा रंग आला. पू आला. पट्टीची कड आली, आणि कडेवर वाढलेली कातडी.

"दिसतंय का?" तिने विचारलं.

"दिसतंय," हर्शेल म्हणाला. "बंद कर आता."

"अजून थोडं उजळते."

"फेलिसा, दिसतंय."

"तुला दिसतंय. त्याच्या साहेबाला दिसलं पाहिजे."

ती आणखी बसली. तिने आभाळाला हात लावला नाही. मग मूळ फोटो आणि उजळलेला फोटो दोन्ही पाठवले, आणि खाली लिहिलं, की दुसऱ्यात फक्त उजेड वाढवलाय, बाकी काही केलेलं नाही, हवं तर दोन्ही ताडून बघा. प्रूइटचा फोन आला, आणि या वेळी तो लगेच बोलला. "परवानगी मिळाली. हवा उघडली की येतो."

हवा उघडली, म्हणजे पाऊस बारीक झाला. प्रूइट पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून आला, बरोबर नदीन कोवाल्चुक नावाची डॉक्टर. बुटकी, चटपटीत बाई. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "ऑगस्टवाल्या तुम्हीच का?" फेलिसा हो म्हणाली. "आमच्याकडे फ्रिजवर आहे," डॉक्टर म्हणाली, आणि आपली पेटी उचलायला लागली.

त्यांनी पूर्ण ओहोटीची वेळ धरली होती, म्हणजे पाणी लांब असेल. ते दोघं गवतात दबा धरून बसणार, प्रूइट इंजेक्शनची बंदूक झाडणार. आमच्या होडीचं काम एकच: अस्वलीण पाण्याकडे आलीच तर तिला परत फिरवायचं.

"कशी फिरवायची?" मी विचारलं.

"आवाज करा," प्रूइट म्हणाला. "पण उलटून पडू नका."

आम्ही वाहत वाहत वाट बघितली. मधाळ अंग गवतातून बाहेर आलं, ओढ्याकडे निघालं, आणि फट असा बारीक आवाज झाला. ती दचकली, गोल फिरली, आणि झाडीकडे पळायची ती सरळ आमच्याकडे धावत आली. चिखल मागे उडत होता. ती पाण्यात शिरली, पोटापर्यंत आली.

हर्शेलने वल्हं होडीवर आपटायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचा आवाज देवळाच्या घंटेसारखा घुमला. "आजी! इकडे नको! मागे फिरा! आजी, हात जोडतो!" मी इंजिन जोरात फिरवलं. ती थांबली, पण फिरली नाही. तिचे डोळे जड व्हायला लागले होते. आणखी चार पावलं आणि तिच्या पायाखालची जमीन संपली असती.

तेव्हा फेलिसा होडीत उभी राहिली. त्या होडीत कुणी उभं राहत नाही. कॅमेरा तिच्या मांडीवरून खाली पडला, होडीच्या तळाशी साठलेल्या पाण्यात, आणि तिने खाली बघितलं नाही. केशरी रेनकोटचे दोन्ही पदर हातांनी पसरून ती ओरडली. वडिलांच्या भाषेत, इलोकानोत. मला ती भाषा येत नाही, पण ते सूर मला लहानपणापासून माहीत होते; तिचे वडील कुणी चिखलाच्या पायांनी घरात आलं की तसेच ओरडायचे. हर्शेलने वल्हं थांबवलं. मीसुद्धा हात मांडीवर ठेवून सरळ बसले.

अस्वलीण वळली. किनाऱ्यावर चढली, दोन पावलं गेली, लग्नात पिऊन परतणाऱ्या माणसासारखी बाजूला झुकली, आणि चिखलात बसली. मग आडवी झाली.

डॉक्टरने फेलिसाला बोलावून तिच्या हातात ओला कपडा दिला आणि अस्वलीणीच्या डोळ्यांवर धरायला सांगितला. फेलिसा तिच्या डोक्यापाशी चिखलात गुडघे टेकून बसली. इतक्या वर्षांत ती एवढ्या जवळ कधी गेली नव्हती. वास वाईट होता. डॉक्टरने केस कातरले, कातडी उचलली, कात्री आत घातली, आणि पट्टी टक् करून तुटली. ती बाहेर ओढताना नुसती पट्टी येत नव्हती, तिच्याबरोबर बरंच काही येत होतं. हर्शेलने तोंड फिरवलं. फेलिसाने फिरवलं नाही.

"नोंदीसाठी फोटो हवेत," प्रूइट म्हणाला. "मिसेस जॅक, तुमचा कॅमेरा?"

"पाण्यात आहे."

शेवटी डॉक्टरने आपल्या फोनवर काढले. ते तिरके आले.

जखम धुऊन, औषध भरून, उतारा देऊन सगळे दाटीने होडीत आणि लांब. अस्वलीण उठली, पडली, परत उठली. झाडीच्या कडेला जाऊन तिने एकदा अंग झाडलं आणि आत गेली. जगेल का, असं फेलिसाने विचारलं. डॉक्टर म्हणाली, "हिवाळा आहे मध्ये." हर्शेलने प्रूइटकडे ती पट्टी मागितली. ती कचेरीच्या पिशवीत जाणार होती, प्रूइटने नाही म्हटलं, आणि हर्शेलने पुन्हा मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने धक्क्यावरच्या आमिषाच्या फ्रीजरपाशी खिळा ठोकला आणि दोरीला बांधून एक सुरी लटकवली. काही लिहिलं नाही. ती सुरी चोरीला गेली. त्याने दुसरी लटकवली. ती अजून आहे, आणि तिथल्या डब्यात कापलेल्या पट्ट्या साठतात.

ब्यूला सँडविक नवीन कॅलेंडरसाठी फोटो मागायला आली तेव्हा फेलिसाने तिच्यापुढे मूळ फोटो ठेवले.

"यात पाऊस आहे," ब्यूला म्हणाली.

"आहे."

"या अस्वलाच्या तोंडाला काय लागलंय?"

"मासा."

ब्यूलाने एकेक फोटो हातात धरून बघितला. गळ्याच्या जखमेचा फोटो आला तेव्हा तिने चष्मा काढला. "फेलिसा, लोक याच्यासमोर बसून नाश्ता करतात गं."

"म्हणूनच."

दोघींचं जुंपलं. शेवटी तो फोटो नोव्हेंबरला टाकायचं ठरलं, कारण ब्यूलाच्या मते नोव्हेंबरमध्ये अंधार इतका असतो की कुणाला भिंत दिसत नाही. कॅलेंडर आधीएवढं खपलं नाही. पण फोटोतल्या जागा लोकांना पहिल्यांदाच ओळखता आल्या; "हा तर आमच्या घरामागचा खडक" असं म्हणत दोन-तीन जण येऊन गेले. छत अर्धं झालं.

हिवाळाभर फेलिसा त्या अस्वलीणीबद्दल बोलली नाही. कोरीनने दुसरा कॅमेरा पाठवला, तो बरेच दिवस खोक्यातच होता. मग जूनमध्ये एका सकाळी ती स्वतःच धक्क्यावर आली, कॅमेरा गळ्यात घालून, आणि म्हणाली, "अर्लीन, पाटी लाव."

मिल क्रीकवर गवत नुकतं वर आलं होतं. दोन म्हातारी अस्वलं चरत होती, ती नव्हती. आम्ही वाहत राहिलो. हर्शेलने दोन्ही आजोबांची विचारपूस केली. मग ओढ्याच्या वळणावरून ती आली. हाडं वर आलेली, हिवाळ्यातून उठलेलं अस्वल असतं तशी, पण सरळ चालत. गळ्याभोवती केसांचं एक फिकट, आखूड कडं होतं, आणि त्याच्यामध्ये काही नव्हतं. तिने गवत तोडायला मान खाली घातली आणि आम्ही तिघंही कान देऊन बसलो. गवत तुटल्याचा आवाज येत होता. शिट्टी नव्हती.

"आजी," हर्शेल म्हणाला, आणि वल्ही मांडीवर घेऊन बसला.

फेलिसा फोटो काढत होती. क्षितिजाची तिने तक्रार केली नाही. आम्ही सगळेच तिकडे बघत राहिलो आणि पाणी उतरतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. होडीचा तळ खरवडला तेव्हा उशीर झाला होता. चहूकडे चिखल, मध्ये आमची होडी, आणि भरतीला अजून सगळी दुपार बाकी.

"आता?" मी विचारलं.

"आता जेवू," फेलिसा म्हणाली. तिने भाताचा डबा आणि धुरावर सुकवलेला सॅमन काढला. वास पसरला तशी अस्वलीणीने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं. हर्शेलने हळूच डबा झाकला. आम्ही तोंडातला घास तसाच ठेवून बसलो. तिने जरा वेळ विचार केला, मग वळली आणि झाडीत निघून गेली. आम्हाला तिथून हलता येत नव्हतं. भरती येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.